कोन्जे

"कोन्जे," ती बाई म्हणाली.

"मी डॉक्टर," नाफडे सर तिच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले. "डॉक्टर. दवाखाना. समझी? आप गिर गये थे."

"कोन्जे... कोन्जे..."

"कोण, कोण, काय लावलंय हिनं?" सर ढोके सिस्टरांकडे वळले. "डोक्याला मार लागला की होतं असं. माणसं ओळखू येत नाहीत."

मी तिच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत होते. माझे हात थांबले. मग मी गुंडाळलेला पट्टा सोडला आणि पुन्हा गुंडाळायला घेतला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

ती 'कोण' असं विचारत नव्हती. कोन्जे म्हणजे मुलगी. आणि त्यापुढे ओठांतल्या ओठांत ती जे सांगत होती, तेही मला शब्दन्‌शब्द कळत होतं. मुलगी पाइपात आहे. गारव्याला निजवली आहे. कोणीतरी तिला आणा.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. हे मला आज सतरा वर्षांनंतरही पक्कं आठवतं, कारण त्यानंतर मी त्या घड्याळाकडे फार वेळा पाहिलं.

मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं विद्यापीठ खाजगी होतं, मेळघाटचा डोंगर सुरू व्हायच्या अलीकडच्या सपाट रानात नव्यानं उभं राहिलेलं. नाव कोरकू विद्यापीठ. संस्थापकांना हे नाव कसं सुचलं ते ठाऊक नाही; माहितीपुस्तकात लिहिलं होतं की या भूमीच्या मूळ रहिवाशांचा सन्मान म्हणून. फाटकाच्या आत सिमेंटचं एक जोडपं उभं केलं होतं, पुरुषाच्या हातात भाला, बाईच्या डोक्यावर मोळी. मुलं त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायची. त्यांना सगळे मामा-मामी म्हणत.

मी कोरकू. जसमी बेठेकर. चिखलदऱ्याच्या पलीकडे आमचं चाळीस घरांचं गाव. पण बेठेकर, जांबेकर, मावस्कर अशी आमची आडनावं. शेवटी 'कर' असल्यामुळे खाली सपाटीवरच्या लोकांना काही कळत नाही. आश्रमशाळेत आणि नंतर अमरावतीच्या वसतिगृहात माझी मराठी साफ झाली होती. जसमीचं मुलींनी पहिल्याच दिवशी जास्मिन केलं आणि मी ते करू दिलं. घर कुठं विचारलं की अमरावती सांगायची. आईचा फोन आला की जिन्याखाली जाऊन अगदी हळू बोलायची.

हे मी सहज केलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात सीनियर मुलींनी आम्हा सगळ्यांना कॉरिडॉरमध्ये ओळीनं उभं केलं होतं. यवतमाळकडची संगीता आत्राम नावाची एक मुलगी होती. आडनावावरूनच ती आदिवासी असल्याचं कळलं. तिच्या कमरेला चादर बांधली, डोक्यात झाडूच्या काड्या खोवल्या आणि 'झिंगालाला' म्हणत तिला नाचायला लावलं. ती नाचली. तीन आठवड्यांनी तिचे वडील येऊन तिची ट्रंक घेऊन गेले. ती नाचत होती तेव्हा मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होते. माझी रूममेट केतकी सरोदे तेवढी खोलीत निघून गेली होती. केतकी फार चांगली मुलगी होती, म्हणूनच मला तिची सगळ्यांत जास्त भीती वाटायची.

तर त्या दिवशी. विद्यापीठाच्या नव्या सभागृहाचं बांधकाम चालू होतं. जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी एक मजूर बाई परांचीवरून खाली आली ती थेट विटांच्या ढिगावर. चौघांनी तिला फळीवर घालून आमच्या आरोग्य केंद्रात आणली. माझी ड्युटी तिथंच होती. कमरेचं हाड गेलं होतं, कानशिलावर खोक पडली होती. अर्धा तास ती बेशुद्ध होती. परतवाड्याहून अँब्युलन्स निघाली असल्याचा फोन येऊन गेला होता. ती शुद्धीवर आली आणि बोलू लागली, ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

"हिचं नाव काय हो?" सिस्टरांनी दारातल्या मुकादमाला विचारलं.

"सुगाय," भास्कर मुकादम म्हणाला. "वरच्या गावची हाय. चारच दिवस झाले येऊन."

"हिले लेकरू-गिकरू हाय काय?"

विचारलं, आता विचारलं. आता माझ्याशिवायच सगळं होईल.

"हाय ना, एक पोरगी. दीडेक वर्साची. पन ते रोज म्हाताऱ्या आजीजोळ असते झोपडीत. तिचा घोर नका करू."

"मंग ठीक," सिस्टर म्हणाल्या.

मलाही वाटलं, मग ठीक. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. मुलगी म्हातारीजवळ आहे. मार लागल्यामुळे ही काहीतरी बडबडतेय. सर म्हणाले ना, असं होतं.

सुगायनं मान वळवली. खोलीत आम्ही चौघं होतो, पण ती माझ्याकडेच पाहत बोलू लागली. कदाचित मी सगळ्यांत जवळ होते म्हणून असेल. झाडाला झोळी बांधली होती, ती म्हणाली. झाडावर मुंगळे निघाले. म्हातारी आज बाजाराला गेली, पोरीचा बापही तिच्याबरोबर गेला. मग मीच तिला पाइपात निजवली. खड्ड्यातल्या पाइपात. तिथं सावली आहे.

हे सगळं ती अगदी सरळ सांगत होती, आमच्या घरी चुलीपुढे बसून सांगतात तसं. बडबड नव्हती ती.

"बीपी किती?" सरांनी विचारलं.

"नव्वद... नव्वद बाय साठ, सर."

"सलाइन वाढव."

मी सलाइन वाढवलं. घड्याळात पावणेदोन. खिडकीबाहेर सगळं शांत होतं. मजूर जेवून सावलीत पडले होते. पाइप मला माहीत होते. पावसाचं पाणी वाहून न्यायला सभागृहाच्या बाजूनं लांब चर खणला होता, आणि त्यात सिमेंटचे लांब पाइप उतरवून ठेवले होते, एकमेकांना अजून न जोडलेले. सकाळी येताना मी जेसीबीला एका टोकाकडून माती लोटताना पाहिलं होतं. दोन वाजता सुट्टी संपते.

म्हणजे पंधरा मिनिटं होती. एवढ्या वेळात कोणीतरी तिकडे जाईलच, मी मनाशी म्हटलं. लेकरू रडेल, कोणाला तरी ऐकू येईल. मी बोलले तर सर विचारतील, तुला कसं कळलं? सिस्टर विचारतील. संध्याकाळपर्यंत मेसमध्ये होईल, रात्री हॉस्टेलमध्ये. माझ्या डोळ्यांसमोर तो कॉरिडॉर आला, कमरेला बांधलेली चादर आली. माझी जीभ टाळूला चिकटली होती, हे मी उपमा म्हणून सांगत नाही. खरंच चिकटली होती. मी बेसिनपाशी जाऊन घोटभर पाणी प्यायले.

"कोन्जे," सुगाय मागून म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. ती उठायला बघू लागली.

"थांब वं माय, हलू नको!" सिस्टरांनी तिचे खांदे दाबले. "जास्मिन, पाय धर तिचे."

मी पाय धरले. तिच्या पोटऱ्यांवर सिमेंटचे शिंतोडे वाळले होते आणि त्याखालचं गोंदण माझ्या आईच्या पायावर होतं तसंच होतं. ती ओरडू लागली. सर इंजेक्शन भरू लागले. हिला झोपवलं की मग कोणीच सांगणारं उरणार नाही, हे मला कळत होतं. तरीही मी पाय धरून होते.

दोन वाजले, आणि बाहेर जेसीबी सुरू झाला.

तो आवाज ऐकताच सुगाय ओरडायची थांबली. ओरडण्यापेक्षा ते गप्प होणं मला सहन झालं नाही.

"सर," मी म्हणाले, "ती बहुतेक तिच्या मुलीबद्दल बोलतेय. पाइपात वगैरे ठेवलीय, असं काहीतरी."

"तुला कसं कळलं?"

"अंदाजानं, सर."

बघा, तेव्हासुद्धा मी अंदाजानं म्हणाले.

मुकादम हसला. "पोरगी झोपडीत हाय मॅडम. मी सांगतो ना."

"आता नवा गोंधळ नको," सर म्हणाले. "अँब्युलन्स येतेय."

मी पाय सोडले आणि पळत सुटले. सिस्टरांनी मागून हाक मारलेली ऐकू आली. आरोग्य केंद्र ते सभागृह दोन-अडीचशे पावलं असतील. मध्ये गिट्टीचे ढीग होते. माझी एक चप्पल कुठे गेली ते कळलंच नाही. जेसीबीवाल्यानं केबिनमध्ये गाणी लावली होती, त्याला काही ऐकू येत नव्हतं. मातीनं भरलेलं बकेट वर उचललेलं होतं. मी दोन्ही हात पसरून चराच्या काठावर, त्या बकेटच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिले. मला शौर्य वगैरे काही वाटत नव्हतं.

त्यानं ब्रेक मारला. थोडी माती माझ्या डोक्यावर पडली.

"मरायचं आहे का, बाई?"

"पाइपात लेकरू आहे!"

"कोणत्या?"

चरात नऊ पाइप होते. त्याच्या बाजूचे तीन पूर्ण बुजले होते. चौथ्याच्या तोंडावर माती आली होती. "हे कधी बुजवले?" मी विचारलं. दोन सकाळीच, तो म्हणाला. आणि तिसरा? तो खाली उतरला. "तिसरा आत्ता."

मी चरात उडी मारली. हातांनी माती ओढू लागले. तो फावडं घेऊन आला, आणखी दोन मजूर उतरले. चौथ्या पाइपापासून पुढे मी एकेका तोंडाशी वाकून हाक मारत गेले. "बाळा! ए बाळा! ये, ये." आत काळोख. कुठूनच हूं की चूं नाही.

वर माणसं जमू लागली. कँटीनमधून मुलं आली, आमच्या वर्गातल्या मुली आल्या, केतकी आली. मुकादम धापा टाकत पोचला. "म्या म्हनलं होतं ना, कोनी नाही. मॅडम, काम अडवू नका."

"एकदा नीट बघू द्या," जेसीबीवाला म्हणाला.

"बाळा, इकडे ये," मी पुन्हा म्हणाले. आणि तेवढ्यात मला कळलं की ती पोर मराठी कशाला ऐकेल? जिला आजवर एकाच बोलीत हाका मारल्या गेल्या, ती या परक्या आवाजाला ओ देणार नाही, उलट आणखी आत सरकून बसेल. मी तरी बसले असते. पहिल्या वर्षी आश्रमशाळेत गुरुजी मराठीत हाक मारायचे तेव्हा मी बाकाखाली बसायची.

मी वर पाहिलं. चराच्या दोन्ही काठांवर चेहरे होते. पन्नास तरी असतील. मी केतकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

मग मी ओरडले. "कोन्जे! हेजे! हेजे, कोन्जे!" ये गं मुली, ये. जेवढा आवाज होता तेवढा लावून. वर कोणीतरी खुदकन हसलं. मी पुन्हा ओरडले. तुझ्या आईनं पाठवलंय मला, सुगायनं पाठवलंय, ये.

बुजलेल्या तिसऱ्या पाइपातून आवाज आला. रडणं नव्हतं ते. झोपेतून उठवल्यावर लेकरू कुरकुरतं, तसं काहीतरी.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. सगळ्यांनी मिळून हातांनी माती काढली, फावडं आत लागेल म्हणून. मुकादमही काढत होता. हातभर तोंड उघडलं तेव्हा आत पाहिलं. पलीकडचं तोंड सकाळच्या मातीनं बंद होतं आणि तिथं, अगदी टोकाला, दोन डोळे चमकत होते. पाइप अरुंद. गडी माणसाचे खांदे त्यात जात नव्हते. मी गेले.

कोपरांवर सरकत मी कमरेपर्यंत आत शिरले. मागून उजेड कमी झाला. वरची माती माझ्या पायांवर ढासळत होती आणि वरून कोणीतरी ओरडत होतं, माती सरकतेय, माती सरकतेय. मला वाटलं आपण दोघी इथंच राहणार. मुलगी मला बघून टोकाच्या मातीला आणखी चिकटली. माझा पांढरा ड्रेस आणि डोक्यावरची टोपी पाहून घाबरली असेल. मी टोपी ओढून काढली. हात पुढे करून पडून राहिले आणि बोलत राहिले. काय बोलले? काहीही. आमच्या घरी कोंबड्या किती आहेत, कुत्र्याचं नाव काय, मोहाची फुलं आई कशी वेचते. दोन वर्षं जिन्याखाली कुजबुजत बोललेली भाषा त्या पाइपात केवढ्यानं घुमत होती. ती ऐकत होती. मग तिचा एक हात माझ्या बोटांना लागला. मातीनं भरलेला, घामेजलेला. मी तो धरला.

"ओढा," मी मराठीत ओरडले. "आम्हाला ओढा."

बाहेर आल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी पाणी आणलं. मुलगी माझ्या गळ्याला इतकी घट्ट बिलगली होती की मला श्वास घेता येत नव्हता. केतकी चरात उतरली होती. तिचे हात मातीनं भरले होते. तिनं माझ्या डोळ्यांवरची माती पुसली आणि विचारलं, "जास्मिन, ती कोणती भाषा?"

"कोरकू."

"म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या नावातली?"

"हो."

"तुला कशी येते?"

"माझी आहे," मी म्हणाले.

केतकी खाली वाकली. मग तिनं मुलीच्या पायांवरची माती झटकायला सुरुवात केली.

ज्याला मी दोन वर्षं भीत होते, तसं फारसं काही झालं नाही. काही मुली बोलेनाशा झाल्या, एकीनं मेसमध्ये 'झिंगालाला' म्हटलं. केतकी तिच्या ताटासमोर जाऊन उभी राहिली आणि ती मुलगी उठून गेली. आठवड्यानं जनसंपर्क अधिकाऱ्यांनी बोलावलं. कोरकू विद्यापीठाच्या शूर कोरकू विद्यार्थिनीचा फोटो त्यांना माहितीपुस्तकात हवा होता, मामा-मामींच्या मध्ये उभी असलेला. मी नको म्हणाले. नको म्हणतानाही भीती वाटलीच, पण म्हणाले. सगळे माझं कौतुक करत होते. प्राचार्यांनी वर्गात उभं करून शाबासकी दिली. कसं चटकन ओळखलंस, ते म्हणाले. मी खाली बघत उभी राहिले.

रविवारी मी अचलपूरच्या सरकारी दवाखान्यात गेले. सुगायचा पाय वजन लावून टांगलेला होता. नवरा बाहेर चहा आणायला गेला होता. मंगली, तिची मुलगी, तिच्या कुशीत दुपट्यात गुंडाळून झोपली होती. मी केळी नेली होती, ती टेबलावर ठेवली.

"कुठल्या घरची तू?" तिनं आपल्या बोलीत विचारलं.

मी गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. तिच्या मावशीला आमच्या शेजारच्या गावात दिलं होतं. थोडा वेळ आम्ही माणसांची नावं जुळवत बसलो. मला हलकं वाटू लागलं. वाटलं, झालं, एवढंच होतं.

मग ती छताकडे पाहत म्हणाली, "मी पहिल्यांदा बोलले, तेव्हाच तुला कळलं होतं."

मी टेबलावरची केळी सारखी करू लागले.

"डॉक्टरला नव्हतं कळलं. त्या म्हाताऱ्या नर्सला नव्हतं. तुला कळलं. तू पट्टा सोडलास."

"हो," मी म्हणाले.

"मी म्हटलं, आपली पोरगी आहे. आता जाईल, आता जाईल." तिच्या आवाजात राग नव्हता. ती मला खरंच विचारत होती. "मग का नाही गेलीस?"

त्या कॉरिडॉरची गोष्ट तिला कशी सांगायची, आणि सांगून तिला काय कळणार? तिथं नाचणारी मी नव्हते, टाळ्या वाजवणारी होते.

"भीती वाटली," मी म्हणाले.

"कोणाची?"

मी आता धारणीच्या दवाखान्यात सिस्टर आहे. डोंगरातून बाया येतात, त्यांच्याशी मी दारातूनच आपल्या बोलीत बोलायला लागते, त्यांनी विचारायच्या आधी. पण त्या प्रश्नाचं उत्तर अजून नीट येत नाही.

सुगायनं मान माझ्याकडे वळवली. मग तिनं पाणी मागितलं. मी पेला भरला, पण कुशीत लेकरू, पाय टांगलेला, तिला उठून प्यायला येईना.

"धर हिला," ती म्हणाली.

मी मंगलीला उचलून घेतलं. ती झोपेतच माझ्या खांद्यावर मान टाकून राहिली. सुगायनं एका कोपरावर रेलून पाणी प्यायलं, घोट घोट, सावकाश. पेला रिकामा होईपर्यंत तिनं लेकराच्या दुपट्याचं एक टोक दुसऱ्या मुठीत धरून ठेवलं होतं.